'उत्तर नाही' असं तू लिहिलंस

वारजे, पुणे
रविवार, दुपार

प्रिय कल्याणी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे. तिच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि आता समोरच्या सोसायटीत कोण कधी गच्चीवर येतं, कोणाकडे नवीन पडदे लागले, हे सगळं तिला दिसतं. तू दिल्लीत असलीस तरी आमच्या घरात बातमीदाराची उणीव नाही. पत्र लिहायचं कारण असं की हल्ली फोन केला की तू म्हणतेस, 'दादा, कामात आहे, मग करते,' आणि ते 'मग' काही उगवत नाही. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फार तर पुढच्या पानावर उडी मारशील, पण तुझा स्वभाव बघता परत मागे येशीलच.

आमच्या खटल्याच्या सुनावणीच्या दिवसाबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मग निकाल आला. त्या दिवशी तू बातमीसाठी दुसऱ्या कोर्टात होतीस आणि आपल्या निकालाची बातमी तुझ्या सहकाऱ्याने दिली. ते तू मुद्दाम केलंस असं मला तेव्हाच वाटलं. म्हणून आज मी इथली बाजू सांगणार आहे, इथे घरात काय झालं ती. यातलं काही तुला माहीत आहे, पण मला ते एकदा ओळीने मांडू दे.

तपकीर गल्लीतल्या त्या जिन्याखालच्या दुकानात मी कॉम्प्युटर जोडून विकत होतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा होता, तुला आठवत असेल. गिऱ्हाईक मशीन घरी न्यायचं आणि आठ दिवसांनी परत येऊन विचारायचं, 'अहो, यात मराठी कुठून येतं?' बाबांची भोसरीची कंपनी तेव्हा माणसं कमी करत होती आणि आमच्या गल्लीत मात्र दर महिन्याला नवी पाटी लागत होती. बाबा म्हणायचे, 'नवं जग आलंय खरं, पण ते आपल्या भाषेत बोलायला तयार आहे का बघ.' पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले तरी तो प्रश्न होता तिथेच होता. आई तुला 'जेवलीस का' हे सुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि तू ते भलतंच वाचून हसायचीस. त्यातून 'वेलांटी' झाली. आईसारखीला चष्मा न शोधता, जोडाक्षराला न घाबरता मराठी लिहिता यावं, इतकाच तो कीबोर्ड. दुकान विकून आम्ही चार जणांनी तो उभा केला, आणि चांगला केला, हे मी आजही मान वर करून सांगतो.

चाकणला फोन बनवणाऱ्या त्या कंपनीने ठरवलं होतं की त्यांचा प्रत्येक फोन डब्यातून निघतानाच त्यात वेलांटी असेल. त्यांचे खरेदी बघणारे जयसिंग घोरपडे स्वतः आमच्या ऑफिसात येऊन हात मिळवून गेले. आणि महिन्याभराने तेच घोरपडे पुन्हा आले, चहा घेतला नाही, आणि उभ्याउभ्या म्हणाले, 'धम्मदीप, जमणार नाही. फोनची सगळी सिस्टीम ज्यांची आहे त्यांच्याशी आमचा करार आहे. सिस्टीम हवी तर कीबोर्डही त्यांचाच. दुसऱ्याचा घातला तर त्यांची बाकीची ॲप्स मिळणार नाहीत, आणि ती नसलेला फोन विकत कोण घेईल?' त्यांनी हे तोंडी सांगितलं. लिहून काहीच दिलं नाही. असं फक्त माझं झालं नव्हतं. कोणाचं नकाशाचं ॲप होतं, कोणाचं शब्दकोशाचं. डेक्कनवरच्या अनिरुद्ध रानड्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा करून संघटना केली, स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि आयोगाने आमच्या बाजूने निकाल दिला. ती सिस्टीमवाली कंपनी दिल्लीच्या न्यायाधिकरणात अपिलात गेली. तिथे ही सुनावणी होती.

त्या दिवशी मला दिल्लीला यायचं होतं. पण आदल्या दिवशी आईच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी, तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. ती पलंगावर बसली, मी खुर्ची ओढून शेजारी, आणि फोनवर तुमच्या बातम्यांच्या पोर्टलचं पान उघडलं. तुला तिथे पाठवलंय हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळ्यात वर तुझं नाव आणि त्याखाली तुझी पहिली ओळ होती: 'या प्रकरणातल्या एका तक्रारदाराची मी सख्खी बहीण आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.' मी ती आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, 'हे बरं केलं. आधीच सांगून टाकलं.' आणि उशीला टेकून बसली, रेडिओवर मॅच ऐकावी तशी.

कल्याणी, किती छान लिहीत होतीस तू! कायद्याचं ते रुक्ष भांडण, पण आईला एक शब्द विचारावा लागला नाही. 'कंपनीच्या बाजूला सहा वकील आहेत. एक बोलतात, बाकीचे कागद पुढे सरकवतात आणि योग्य वेळी मान हलवतात,' हे वाचल्यावर ती इतकी हसली की मला डॉक्टरांची भीती वाटली. कंपनीचे वकील म्हणाले, आमची सिस्टीम फुकट आहे, फुकट देणारा जुलूम कसला करणार? आणि तू त्याखाली लिहिलंस, 'न्यायमूर्तींनी विचारलं, फुकट असेल तर करारात अटी कशाला? वकिलांनी पाणी मागितलं.' मी खुर्चीत उठून बसलो. खाली पार्किंगमध्ये जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं की हे लिहिणारी माझी बहीण आहे.

मग आमचे वकील उभे राहिले. सुरुवात चांगली झाली. तू तेही मोकळेपणाने लिहिलंस. आणि मग खंडपीठाने तो प्रश्न विचारला, की या करारामुळेच नकार दिला असं सांगणारा एक तरी फोन बनवणारा तुम्ही समोर आणला आहे का? नकार मिळाला हे ठीक, पण तो करारामुळे मिळाला हे कशावरून? तुझी पुढची नोंद यायला थोडा वेळ लागला. मी पान पुन्हापुन्हा ताजं करत होतो. मग ती आली. 'तक्रारदारांच्या वकिलांकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. त्यांनी वेळ मागितला आहे.'

मी थांबलो. आईने विचारलं, 'वाच ना, काय झालं?' मी म्हटलं, 'थांब, पान उघडत नाहीये.' ती पट्टीआडूनसुद्धा माझ्याकडे बघत होती असं वाटलं मला. म्हणाली, 'दीपू, वाच.' मी वाचलं. तिने पाठीमागची उशी सरळ केली. मग विचारलं, 'खरं आहे का?' मी म्हटलं, 'हो.' 'मग काय,' ती म्हणाली, 'तिने काय दुसरं लिहायचं होतं? पुढे वाच.'

मला लागलं नाही असं नाही. इतक्या वर्षांचं काम, आणि त्याच्या वर्मावर बोट ठेवणारी ओळ, आणि ती तुझ्या हातची. पण त्याच क्षणाला मला बोपोडीचा नळ आठवला. तू सात-आठ वर्षांची असशील. गॅलरीच्या कठड्याला लटकून तू खालच्या पाण्याच्या रांगेचं धावतं वर्णन करायचीस आणि सगळ्या चाळीतल्या बायका हसत हसत भांडायच्या. एकदा तू तशाच खणखणीत आवाजात सांगितलंस, 'आणि आता आमच्या आईने बादली हळूच पायाने पुढे सरकवली आहे!' आईचा चेहरा काय झाला होता! वर आल्यावर तुला धपाटा बसला. पण बाबा मात्र तिला म्हणाले, 'अगं, सगळ्यांच्या बादल्या सांगायच्या आणि आपली लपवायची, मग तिचं ऐकेल कोण?' आईला मी त्या दुपारी याची आठवण करून दिली तर म्हणे, 'मी बादली सरकवलीच नव्हती, ती उतारावर होती.' अजून कबूल नाही.

संध्याकाळी टीव्हीवर त्या सुनावणीवर राजकीय चर्चा झाली, तीही तू लिहीत होतीस. एका पक्षाचे प्रवक्ते म्हणत होते की परक्या कंपन्यांना हाकलून द्या, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. दुसरे म्हणत होते की असे खटले चालवले तर गुंतवणूक पळून जाईल, मग हिंजवडीत गवत उगवेल. दोघंही एका वेळी बोलत होते. आणि तू लिहिलंस, 'चर्चा सुरू होऊन बराच वेळ झाला. दोन्ही बाजूंनी देशावर प्रेम व्यक्त केलं आहे. कराराबद्दल अजून कोणी बोललेलं नाही.' हे वाचून मला खात्री पटली की दिल्लीत राहून तू बिघडली नाहीस, पुण्याचीच आहेस. पण शेवटी कंपनीची बाजू मांडणाऱ्या गृहस्थांनी हातातला फोन वर धरला आणि तुझी ओळ वाचून दाखवली. म्हणाले, 'हे मी सांगत नाही, तक्रारदाराची सख्खी बहीण सांगते आहे. उत्तर नाही!' सूत्रसंचालक हसला. तू तेही लिहिलंस, जसंच्या तसं, स्वतःच्या बचावाचा एक शब्द न घालता.

त्यानंतरचे दिवस तुला काय गेले असतील याची मला कल्पना आहे. तुझ्या लिखाणाखाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं. 'भावाला विकलं', 'दिल्लीचं पाणी लागलं', आणि आडनावावरून जे लिहिलं ते मी इथे लिहीत नाही. इथे आमच्या संघटनेतही कुजबुज होतीच. रानडे सर तर मला बघून म्हणाले, 'वा धम्मदीप, बहीण चांगली मिळवलीत. समोरच्यांची एका वकिलाची फी वाचली.' मी म्हटलं, 'सर, तिने लिहिलेलं खोटं आहे का?' ते म्हणाले, 'खोटं कशाला असेल? खोटं असतं तर दुःख नव्हतं.' आणि चहाच्या पेल्यात बघत बसले.

आता जे सांगतोय ते तुला माहीत नाही. घोरपड्यांचं नाव तुला साक्षीदार म्हणून माहीत आहे, पण ते आले कसे ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. त्या आठवड्यातच एका सकाळी दार वाजलं. बघतो तर जयसिंग घोरपडे. निवृत्त झालेत, केस पार पांढरे, हातात मंडईतली पिशवी, तिच्यातून मेथी डोकावतेय. बसले आणि आधी आईची चौकशी केली. मग म्हणाले, 'मी सगळी सुनावणी वाचली. तुमच्या बहिणीचं रोज वाचतो मी, आधीपासून. तुमची बहीण आहे हे त्या दिवशी कळलं.' मी त्यांची पिशवी घेऊन बाजूला ठेवली. ते म्हणाले, 'तुमचे वकील मला दोनदा भेटून गेले, मी नाही म्हटलं. मला कंपनीची भीती नव्हती, आता ती माझं काय करणार? भीती होती ती चिखलफेकीची. मी एक सांगणार, एक पेपर त्याचं दुसरं करणार, दुसरा तिसरंच. म्हातारपणी कुठे ते गळ्यात घ्या. पण जी मुलगी सख्ख्या भावाविरुद्ध जाणारी ओळ अशी सरळ लिहिते, ती माझंही जे असेल तेच लिहील. बोला, कुठे सही करायची?'

आई आतून भिंतीला धरत धरत आली आणि त्यांना म्हणाली, 'जयभीम साहेब. मागल्या वेळी ऑफिसातून चहा न घेता गेलात, आज घ्या.' त्यांनी दोन कप घेतले.

त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं, न्यायाधिकरणाने ते दाखल करून घेतलं, उलटतपासणीत त्यांना चांगलंच पिळलं, आणि ते हलले नाहीत, हे तू स्वतः समोर बसून लिहिलंस. 'साक्षीदार सावकाश बोलतात, प्रत्येक उत्तरापूर्वी चष्मा पुसतात, आणि अजून एकदाही उत्तर बदललेलं नाही.' घोरपड्यांनी ते छापून घेऊन देवघराशेजारी लावलंय, त्यांच्या सुनेने मला सांगितलं. कोणाची स्तुती करायची नाही अशी तुझी रीत, पण त्या माणसाला त्यात आयुष्याचं प्रमाणपत्र मिळालं.

निकाल काय लागला ते तुला माहीत आहे. दंड कमी झाला, पण करारातली ती अट बेकायदा ठरली. आता कोणत्याही फोनमध्ये कोणाचाही कीबोर्ड असू शकतो. निकालपत्रात घोरपड्यांच्या साक्षीचा तीन ठिकाणी उल्लेख आहे. रानडे सरांनी संघटनेच्या ऑफिसात पेढे वाटले आणि मला दोन दिले. म्हणाले, 'एक बहिणीचा. तिच्या हातात द्यायची माझी हिंमत नाही, ती त्यात साखर किती आहे तेही छापेल.' हा माणूस यापेक्षा जास्त माफी मागू शकत नाही, तेव्हा तू ती मिळाली असं समज. वेलांटीचं काय होईल ते मात्र मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत लोकांच्या बोटांना दुसऱ्याची सवय झाली आहे, आणि आजकाल तर लोक लिहीतच नाहीत, फोनशी नुसतं बोलतात. पण नगरच्या एका छोट्या कंपनीने विचारणा केली आहे, आणि आम्ही पुन्हा कामाला लागलो आहोत.

हिंजवडीची नोकरी सोडून तू पत्रकार होणार म्हणालीस, तो दिवस आठवतो? गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून तू बसमध्ये चढायचीस तेव्हा आख्खी बोपोडी बघायची. ते सोडणार म्हटल्यावर मावशी रडली, काकांनी बोलणं टाकलं. बाबा तेवढे शांत होते. म्हणाले, 'बाबासाहेबांनी एवढ्या पदव्या घेतल्या आणि तरी वर्तमानपत्र काढलं. त्याला काही कारण असेल ना? जाऊ दे तिला.' ते आज असते तर मला वाटतं त्यांनी कोणाशी काही वाद घातला नसता. तुझी ती नोंद त्यांनी विहाराच्या फळ्यावर लावली असती आणि खाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावली असती. 'उत्तर नाही' हीच.

आणि आता हे सगळं आज बसून का लिहितोय ते. काल आईने मला सांगितलं. तिला तू शपथ घातली होतीस, पण नीट दिसायला लागल्यापासून तिच्या पोटात काही राहत नाही. तू राजीनामा लिहून ठेवला आहेस म्हणे. संपादकांना महिनाअखेरीस देणार आहेस, कारण तुझ्या नात्यामुळे पोर्टलवर दोन्हीकडून बोट दाखवलं जातं, आणि 'दादा माझ्यामुळे हरता हरता वाचला, त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू,' असं तू आईला म्हणालीस. वेडे, मी तुझ्यामुळे हरता हरता वाचलो नाही, तुझ्यामुळे जिंकलो. पण समज घोरपडे आलेच नसते, समज आम्ही पार हरलो असतो, तरीही मी हेच पत्र लिहिलं असतं, थोडं आखूड. माझ्या आयुष्यात मला अभिमान वाटावा अशा फार गोष्टी नाहीत. एक वेलांटी, आणि एक तू. तो कागद संपादकांना देऊ नकोस. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आहे, तारीख लागेल. संपादक तुला पाठवतील की दुसऱ्या कोणाला, तो त्यांचा प्रश्न आहे. पण पाठवलं, तर पहिली ओळ तीच लिही, की मी याची बहीण आहे. आणि आमचे वकील पुन्हा अडखळले तर तेही लिही. या वेळी मी खुर्चीत उठून बसणार नाही, मी तिथे कोर्टातच असेन, तुझ्या मागच्या बाकावर.

तुझाच,
दादा